आवा आणि खटका

रात्रीचे साडेदहा-अकरा. शेडमधला पंखा फिरत असतो, ट्यूब जळत असते, बाहेर कुत्र्यांचं काहीतरी चाललेलं असतं. मी चाक पुसत असते, नाहीतर ग्लेझच्या बादलीत तळाला बसलेला गाळ ढवळत असते. मधेच कानाला काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. काय बंद पडलं ते लगेच उमगत नाही. नजर आपोआप भिंतीवरच्या पेटीकडे जाते. तिथल्या रांगेतला एक खटका खाली पडलेला असतो. भट्टी थांबलेली असते.

लाइट जाते तेव्हा सगळ्या गावाची जाते. अंधारात कोणीतरी ओरडतं, कोणीतरी पलीकडून विचारतं, ‘तुमची पण गेली का?’ त्यात एक सोबत असते. खटका पडतो तो मात्र आपल्या एकट्याचा. दिवे तसेच जळत राहतात, शेजारच्या घरातली मालिका चालू राहते आणि आपल्या भट्टीचा आकडा ९१२, ९०८, ९०१ असा उतरायला लागतो.

विजेच्या भट्टीला आवाज असतो हे तिच्याजवळ रात्री न काढलेल्या माणसाला पटत नाही. लाकडाची भट्टी तडतडते, गॅसची घोंघावते. विजेची म्हणजे पत्र्याचा एक मोठा पिंप, वर जड झाकण, पोटात हलक्या पांढऱ्या विटा आणि विटांच्या खोबणीतून फिरवलेल्या तारेच्या कॉइल. पण त्या तारेतून तीस अँपिअर वाहत असले की एक बारीक गुणगुण उठते. शिवाय दर थोड्या वेळाने कॉन्टॅक्टर टक् करून लागतो, टक् करून सुटतो. एवढंच तिचं बोलणं. बाकी धूर नाही, वास नाही, राख नाही. आत हजार अंश असतात आणि बाहेर मी चप्पल काढून गार फरशीवर उभी असते.

गेल्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. भट्टी सात किलोवॅटची, सिंगल फेजवर चालणारी. तिच्यासाठी वेगळा ३२ अँपिअरचा एमसीबी. कागदावरचा हिशेब सरळ आहे. ७००० वॅटला २३० व्होल्टनी भागलं की तिसाच्या किंचित वर आकडा येतो आणि खटका बत्तिसाचा आहे. म्हणजे पुरायला हवा. त्याआधी तो पुरतही होता. पडायला लागल्यावर मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण कारण सांगून गेला. कोणी म्हणालं, व्होल्टेज कमी पडत असणार. कोणी म्हणालं, खटकाच हलका आहे. एका नातेवाइकांनी शेडचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते विचारलं आणि पुढे काही न बोलता मान हलवली.

गावातल्या वायरमनने पेटी उघडलीसुद्धा नाही. शेडच्या पायरीवर बसून त्याने तंबाखू मळली आणि म्हणाला, “ताई, का पडतो ते मागनं बघू. कवा पडतो ते सांगा.”

मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. आमच्या धंद्यात भांडं तडकलं की आम्हीही हेच विचारतो. कधी तडकलं? वाळताना, तापताना की निवताना? तड्याची कड ग्लेझने गोल झालेली असेल तर तो तापताना गेला, धारदार असेल तर निवताना. खटक्याचंही तसंच निघालं. बटण दाबल्या दाबल्या पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. थांबून थांबून, तासा-दोन तासांनी पडला तर कुठेतरी गरमी साठते आहे. शिवाय पेटीत दोन पहारेकरी असतात. एमसीबी जास्त वाहणाऱ्या विजेवर नजर ठेवतो, त्याच्या शेजारचा आरसीसीबी वाट चुकून जमिनीकडे पळणाऱ्या विजेवर. कोणता पडला हे न बघताच घाईने तो वर ढकलायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय. वायरमनने मला ती मोडायला लावली. माझ्या ग्लेझच्या वहीत आता रेड आयर्न ऑक्साइडच्या टक्केवारीखाली खटक्याच्या वेळा आहेत, तेव्हाचं तापमान आहे, आणि एका पानावर त्याच्या बोटाचा कथ्थई रंगाचा ठसा आहे.

त्या दिवसांत कुंभारआळीतले एक आजोबा भट्टी बघायला आले. त्यांचा आवा अजून लागतो. पावसाळा सोडून, महिन्या-दोन महिन्यांनी. उथळ खड्ड्यात गोवऱ्यांचा थर, त्यावर मडकी तोंडाला तोंड लावून रचलेली, मधल्या फटींतून पाचट आणि भुसा, वरून खापऱ्या, आणि सगळ्यावर चिखलाचा लेप. संध्याकाळी आग द्यायची. धूर पांढरा दाट आहे तोवर मडक्यातलं पाणी जातंय असं समजायचं आणि आग ढोसायची नाही. तो विरळ झाला, निळसर झाला की मग तिला मोकळीक. हे त्यांनी मला फार थोड्या शब्दांत सांगितलं, कारण त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्या भट्टीच्या पत्र्यावर लांबूनच तळवा धरला, झरोक्यातून एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाले, “लाल हाय खरी. पण हिला ना धूर ना वास. आत काय चाललंय त्ये कळायचं कसं?”

मी आकडा दाखवला. लाल दिव्यांत ७८३ लिहून आलं होतं, बघता बघता ७८४ झालं. त्यांनी ते थोडा वेळ पाहिलं. मग महिन्याचं बिल किती येतं ते विचारलं आणि ऐकून मनापासून हसले.

त्यांचा प्रश्न मात्र राहिला. आकडा म्हणजे भट्टीतल्या एका बिंदूचं तापमान, विटेतून आत घुसवलेल्या थर्मोकपलच्या टोकाचं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या. ते टोक तापलं की दुसऱ्या टोकांना अगदी क्षीण व्होल्टेज मिळतं, हे झेबेकने १८२१ मध्ये पाहिलं. त्यावर आमचा सगळा कारभार. मातीला एवढं पुरत नाही. तिला किती वेळ कुठल्या आचेत काढला याची बेरीज लागते. म्हणून झरोक्यासमोर मातीचाच बारका सुळका उभा करून ठेवतात, त्याला कोन म्हणतात. हर्मान सेगरने १८८६ मध्ये बर्लिनला ते प्रथम केले. आमच्या स्टोनवेअरचा सहा नंबरचा कोन सुमारे १२२० अंशांना वाकतो, पण तो आकडा वाचून वाकत नाही. हळू आलात तर अलीकडेच वाकेल, घाईने आलात तर पलीकडे. मधे खटका पडला, भट्टी दीडशे अंश उतरली, परत चढली, तर थर्मोकपल ते सगळं विसरून आत्ताचा आकडा सांगतं. कोन विसरत नाही.

मी लहान होते तेव्हा घरात एमसीबी नव्हते. पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते आणि दाराआड मीटरच्या लाकडी फळीवर त्यांची रांग. फ्यूज गेला की बाबा स्टुलावर चढायचे, मी खालून बॅटरी धरायची. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेली फ्यूजची तार टेबलाच्या खणात ठरलेल्या जागी असायची. बाबा ती दातांत धरून तोडायचे, दोन स्क्रूंमध्ये ताणून बसवायचे, आणि खटकन फ्यूज आत ढकलताना चेहरा थोडा बाजूला करायचे. पलीकडच्या बिऱ्हाडातले काका यावर हसायचे. त्यांनी फ्यूजमध्ये चांगली जाड तांब्याची तार घातली होती. ‘आमच्याकडे फ्यूज जातच नाही,’ असं ते अभिमानाने सांगायचे, आणि ते खरं होतं.

त्या काकांचा वंश बुडालेला नाही. माझा खटका पडतोय हे ऐकल्यावर निदान तिघांनी तरी सुचवलं, ‘मधला तो काढून टाका ना, डायरेक्ट करा.’ डायरेक्ट हा आपल्याकडचा सर्वात लाडका उपाय. पंप डायरेक्ट, गीझर डायरेक्ट, लग्नाच्या मांडवाची रोषणाई तर आकडा टाकून डायरेक्ट. ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं की तक्रार मिटली. वायरमनने मात्र तो विषय काढला नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी त्याला बाकी सगळं माफ केलं, बोलावल्यावर दोन-दोन दिवस न येणंसुद्धा.

पडून पडून खराब झालेला एक एमसीबी त्याने माझ्यासमोर फोडला. आत इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. एक जाड तांब्याचं वेटोळं, शॉर्ट झालं की क्षणात ओढून खटका पाडणारं. शेजारी पितळी रंगाच्या पट्ट्यांची उतरंड, ठिणगीचे तुकडे करून ती विझवण्यासाठी. आणि एका कडेला बोटाच्या पेराएवढी पट्टी, दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली. वीज जास्त वाहिली की पट्टी तापते. दोन्ही धातू वाढतात पण सारखे वाढत नाहीत, म्हणून ती पापडासारखी एका अंगाला वळते आणि वळता वळता अडसर सोडवते. अशा खटक्याचं पेटंट १९२४ मधलं, मानहाइमच्या ह्युगो श्टोट्झच्या कंपनीचं.

ती पट्टी मी बराच वेळ हातात घेऊन बसले. कारण हा दोन धातूंचा बेबनाव माझ्या ओळखीचा होता. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. निवताना भांडंही आकसतं, काचही आकसते. काच जास्त आकसू लागली की ताण सहन न होऊन तिला बारीक रेघांचं जाळं पडतं. भट्टी उघडल्यावर कितीतरी दिवस ते टिणटिण करत पसरत राहतं. रात्री शेल्फवरून आवाज येतात. त्या रेघांपायी मी सिलिकाचं प्रमाण बदलत अख्खा हिवाळा घालवला आहे. आणि इथे त्याच बेबनावाला कोणीतरी प्लॅस्टिकच्या डबीत बसवून घर सांभाळायला ठेवलं होतं.

वहीत वेळा जमल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. खटका दिवसा पडत नव्हता. संध्याकाळी नाही, जेवणाच्या वेळी नाही. पडायचा तो गाव झोपल्यावर. वायरमन एका रात्री क्लँप मीटर घेऊन आला आणि आम्ही चहाचा थर्मास मधे ठेवून बसलो. आठ वाजता व्होल्टेज होतं २०५ आणि भट्टी घेत होती सत्तावीस अँपिअर. आमच्या डीपीवर पिठाची गिरणी आहे, वेल्डिंगचं दुकान आहे, दोन-तीन गोठ्यांतली कडबाकुट्टी आहे. साडेनवाच्या सुमारास गिरणीचा पट्टा थांबला, मीटरवर २२० दिसलं. घराघरांतले टीव्ही गप्प झाले, २३५. अकराला २४८ व्होल्ट झाले होते आणि मीटरच्या जबड्यातल्या तारेतून तेहतीसच्या आसपास अँपिअर जात होते.

व्होल्टेज कमी झालं की वीज जास्त ओढली जाते, असं पंपांच्या अनुभवावरून सगळे सांगतात. मोटारीचं ते खरं आहे. पण भट्टीत मोटार नाही, नुसती तार आहे, आणि तारेचा हिशेब उलटा: दाब वाढला तर प्रवाह वाढणार, आणि उष्णता तर दाबाच्या वर्गाने. आठ वाजताची माझी भट्टी साडेपाच किलोवॅटची होती आणि अकराची आठ किलोवॅटची. शिवाय तापमान वर जाईल तसा कंट्रोलर कॉइलला विसावा देईनासा होतो. सुरुवातीला टक् लागलं, टक् सुटलं असं चालतं. नऊशेच्या पुढे ते एकदा लागलं की लागलेलंच. त्यात पेटी भट्टीच्याच भिंतीवर, आणि महिना मे. पेटीत थर्मामीटर ठेवला तर ५२ अंश. खटक्यावरचा बत्तिसाचा आकडा ३० अंशांच्या हवेसाठी लिहिलेला असतो. त्या उकाड्यात आतली पट्टी आधीच अर्धी वळून बसलेली.

मला त्या रात्रीचं कौतुक वाटतं ते आकड्यांसाठी नाही. गाव झोपायला जातं ते मी आयुष्यात प्रथमच मीटरवर पाहिलं. एकेक घर दिवा मालवतं, आणि त्याचं उरलंसुरलं तारांवरून माझ्या विटांत येऊन पडतं. बाराच्या सुमारास व्होल्टेज एकदम चार-पाचने उतरलं. वायरमनने रस्त्याकडे न बघता सांगितलं, “बर्फवाल्यानं मशीन लावलं.”

बाकीचं लवकर उरकलं. केबलच्या टोकाचा लग सैल होऊन काळा पडला होता, तापून-निवून, तापून-निवून स्क्रू आपसूक ढिले होतात. तो बदलला. पेटी समोरच्या भिंतीवर गेली. चाळीसचा एमसीबी आला, पण त्याच्या आधी दहा एमएमची तांब्याची केबल आली. जुन्या बारीक केबलवर मोठा खटका चढवणं म्हणजे पलीकडच्या काकांचीच जाड तार झाली असती. एक गंमत राहिली. जुन्या कॉइल होत्या तोवर हे काहीच होत नव्हतं. कँथलची तार वापरून वापरून म्हातारी होते, तिचा विरोध वाढतो, ती कमी वीज घेते. शेवटच्या वर्षी माझी भट्टी १२०० ला पोचायला पहाट करायची, पण खटका म्हणून कधी पडला नाही. हिवाळ्यात कॉइल नव्या घातल्या, भट्टीला तारुण्य आलं आणि तक्रारी सुरू झाल्या.

ज्या रात्री भट्टी मधेच थांबते त्या रात्रीची भांडी सकाळी हातात घ्यायला मला भीती वाटते, आणि उत्सुकताही. किती अंशांवर थांबली यावर सगळं असतं. साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान कधीतरी मातीच्या कणांत रासायनिक बांधून असलेलं पाणी निघून जातं. त्याच्या आत, ५७३ अंशांना, वाळूतला क्वार्ट्झ एका झटक्यात थोडासा फुगतो; उतरताना तिथेच परत आकसतो. नेमका त्याच्या आगेमागे खटका पडला तर भांड्याने हा झटका चढताना, उतरताना आणि पुन्हा चढताना असा तीनदा सोसलेला असतो. पण मला जास्त विचार पडतो तो पाणी निघून जाण्याचा. त्याच्या अलीकडे थांबलेलं भांडं पाण्याच्या बादलीत टाकलं तर सकाळपर्यंत बसतं, चिखल होतं, आणि तो चिखल मळून परत चाकावर घेता येतो. पलीकडे गेलेलं भांडं बादलीत तसंच राहतं. कमजोर असेल, नखाने ओरखडा निघेल, पण माती व्हायचं त्याने सोडलेलं असतं. दोन्ही दिसायला सारखीच, फिकट गुलाबी. हाताला कळत नाही. बादलीलाच विचारावं लागतं.

आपण शाडूचा गणपती भाजत नाही. कितीही सुबक असला, रंगवला, डोळे आखले, दहा दिवस आरत्या केल्या, तरी त्याला ही रेघ ओलांडू द्यायची नाही असं ठरलेलं आहे, कारण त्याला परत जायचं असतं. स्वयंपाकघरातलं भांडं ती ओलांडतं आणि मग त्याची सुटका नाही. प्रवरेकाठच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं तेव्हा तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली खापरं निघाली. त्या गावाच्या नावानेच ती आता ओळखली जातात. इनामगावला तर कुंभाराची गोल भट्टीही मिळाली. तीन हजार वर्षं जमिनीत राहूनही जोर्वे खापरावर टिचकी मारली तर ते धातूसारखं खणखणतं. इतकं नीट भाजलेलं. त्या कुंभाराकडे कोन नव्हता आणि आकडाही नव्हता. पण त्याची आग मधे कोणी बंद करत नव्हतं, हेही खरं.

आगीने मधेच थांबावं अशी प्रार्थना करणारा एकच कुंभार मला माहीत आहे. महिपतींच्या भक्तविजयातला राका कुंभार, पंढरपूरचा. कच्च्या मडक्यात मांजरीने पिलं घातली होती. ते लक्षात आलं तेव्हा आवा पेटलेला होता. मांजरी भोवती ओरडत फिरते आहे आणि हा विठ्ठलाला साकडं घालून बसला आहे. आवा उघडला तर पिलं जिवंत, ते मडकं कच्चं. गोष्ट संपते तिथे भक्तीचा महिमा येतो, राकाचा संसारत्याग येतो. मी भट्टीवाली असल्यामुळे माझं लक्ष त्या एका न भाजलेल्या मडक्यावर अडकतं. आव्यात अशी गार जागा असतेच. वाऱ्याच्या बाजूला, तळाच्या कोपऱ्यात, जिथे आच पोचत नाही. एरवी कुंभार तिच्या नावाने बोटं मोडतो. माझ्याही भट्टीत आहे, खालच्या शेल्फवर डावीकडे. तिथे मी लाडकी भांडी ठेवत नाही.

उन्हाळ्याचं प्रकरण मिटलं आणि पाऊस आला. आता एमसीबी जागचा हलत नाही. आता आरसीसीबी पडतो.

याची तऱ्हा वेगळी. जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे भट्टीच्या एकूण प्रवाहाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी कुठे गळली तरी पाडतो. त्याच्या पुढे माणसाचं काळीज थांबू शकतं म्हणून हा आकडा. आधी वाटलं ओल आहे. महिनाभर बंद असलेल्या भट्टीच्या विटा हवेतलं पाणी पितात. म्हणून रात्रभर आत पिवळा बल्ब लावून ठेवला, झाकण काडीने उचलून धरलं, मग तीन तास शंभर-सव्वाशे अंशांवर नुसती वाफ जाऊ दिली. त्याने सुरुवातीचं पडणं थांबलं. वायरमनने मेगर लावून पाहिला, गार भट्टीचं इन्सुलेशन उत्तम निघालं. मग शेडमागचा अर्थिंगचा खड्डा उकरला, मीठ आणि कोळसा नव्याने भरला. आणि भट्टी सुखाने नऊशेपर्यंत जाऊन पडली.

शेडच्या दारातून डीपी दिसतो. वर तपकिरी चिनीमातीचे इन्सुलेटर, चकत्या रचल्यासारखे. अकरा हजार व्होल्टची तार त्यांच्यावर टेकलेली असते आणि ते थेंबभर वीज खांबात उतरू देत नाहीत, भर पावसात. ती भाजलेली मातीच आहे, माझ्याच गोतातली. पण त्याच गोतातली माझी वीट आत लाल झाली की तिची पकड सुटते. गार असताना जिने विजेला वाट दिली नसती ती हजार अंशांच्या आसपास थोडीथोडी द्यायला लागते. कॉइलमधून विटेत, विटेतून पत्र्यात, पत्र्यातून अर्थिंगच्या तारेने मीठ-कोळशात. मेगर गार भट्टीला विचारतो, म्हणून त्याला हे कधीच समजत नाही. मी हे वायरमनला सांगितलं तेव्हा त्याने डीपीकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हंजी माती गरम झाली की फितूर हुती.”

भट्टी बनवणारे काही जण सांगतात, ३० च्या जागी १०० मिलिअँपिअरचा बसवा, आगीपासून संरक्षण राहतं. राहतं खरं. पण झाकणाला हात माझा लागतो. वायरमनचं मत आहे, खोबणीत सांडलेलं ग्लेझ खरवडून काढावं, दोन-चार विटा बदलाव्यात, थर्मोकपलची नळी कॉइलपासून जरा लांब सरकवावी. माझं मत रोज बदलतं. आजोबांनी निरोप धाडला आहे की पावसाळ्यात आवा लावतच नसतात, एवढी साधी गोष्ट शिकल्या-सवरलेल्या बाईला कळू नये.

वायरमनला मात्र घाई आहे. त्याच्या बायकोसाठी मी लोणच्याची बरणी करून दिली आहे, म्हणजे पहिली भाजणी होऊन ती ग्लेझ चढवून तयार आहे. पण लोणच्याच्या बरणीला १२२० शिवाय गत्यंतर नाही. हजाराच्या आत अंग सच्छिद्र राहतं, मीठ आणि तेल पाझरून बाहेर येतं. कैऱ्यांचा हंगाम त्याच्या वाटेने निघून गेला. लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात घालावं लागलं आणि त्याचं खापर घरात रोज कोणाच्या डोक्यावर फुटतं ते त्याने मला सांगितलं आहे. त्यामुळे भट्टी लावली की आता रात्री फोन येतो, दहाला, मग अकराला.

“पडला का?”

“पडला.”

“कितीवर?”

“नऊशे सत्तर.”

“मागल्या टायमाला नऊशे तीस हुता की. चाळीस पुढं सरकलाय.” थोडा थांबतो, बहुतेक शेजारी बसलेल्या कोणालातरी सांगतो. “विटा वाळायला लागल्या बघा. उद्या उघाड हाय म्हनत्यात, परत लावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उचलून पाहते. बरणीवरचं ग्लेझ अजून खडूसारखं पांढरं, पण कुठे सोलवटलेलं नाही. बरणी न हलवता झरोक्यासमोर नवा कोन उभा करते. या खेपेला गिरणी बंद व्हायच्या आधी, सहाच्या सुमाराला लावायची असं ठरलं आहे.